लाल कव्हर, निळं कव्हर

७ जानेवारी, बुधवार

माफी मागते. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर ही वही आज उघडतेय. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोज संध्याकाळी हिल्के टीव्हीसमोर घोरत असतो आणि मी शेजारी बसून नवऱ्याला उठवावं की राहू द्यावं याचा विचार करते. तेवढ्यात दोन पानं सहज झाली असती. आळस म्हणून लिहिते आणि विषय संपवते.

आज लिहायला बसले ते यित्स्केमुळे. ती आमच्या शाळेत जर्मन शिकवते, मी भौतिकशास्त्र. ती एकसष्टची, मी चव्वेचाळीसची. तिचं गाव माझ्या गावाच्या पुढे, समुद्राच्या बांधाला टेकलेलं. रोज सकाळी अंधारात ती सायकलवरून येते, मी कोपऱ्यावर उभी असते, आणि शहरातल्या शाळेपर्यंत आम्ही दोघी बरोबर जातो. सकाळी वारा पाठीत असतो, दुपारी परतताना तोंडावर. आमच्याकडे हिवाळ्यातला वारा थेट समुद्रावरून येतो आणि मध्ये त्याला अडवायला मेंढ्यांशिवाय कुणी नाही.

परतीच्या वाटेवर यित्स्के पुढे असते आणि मी तिच्या मागच्या चाकाला चिकटून. ती वारा कापते, मी तिच्या आडोशाला. तिच्याबरोबर जायला लागल्यापासून हे असंच आहे. मी त्या बाईची पाठ तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिली असेल.

आज बांधाखालच्या बस-थांब्याच्या शेडमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे थर्मासमधली कॉफी प्यायला थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "रेन्स्के, हा बहुतेक शेवटचा हिवाळा."

"कुणाचा?"

"तुझा नाही, घाबरू नकोस. माझा. शाळेतला. फेब्रुवारीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांना कळवायचं आहे, पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

"बॅटरीच्या सायकलवर बसून मी शाळेत येणार नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. मग पाय काय म्हणतात ते विचारायला नको का?"

मी तिला पुष्कळ समजावलं. पण इथे खरं लिहायला हवं. "शेवटचा हिवाळा" ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही. मग माझ्यापुढे कोण, हा आला.

आमच्या सायकली जुळ्या आहेत, हेही नोंदवते. दोन घेतल्या तर किंमत कमी म्हणून एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. काळ्या, उंच हँडलच्या, पुढून दांडा नसलेल्या. यित्स्के दर शनिवारी कॉफी झाली की तिची सायकल पुसते, चेनला तेल घालते, हवा बघते. ताप असला तरी. माझी सायकल बाहेर पावसात उभी असते. दिवा लुकलुकतो, चेन रडते. हिल्के म्हणतो, तू गल्लीच्या टोकाला पोचलीस की मला अंथरुणात कळतं.

९ जानेवारी, शुक्रवार

वादळ. नारंगी इशारा होता. मुलांना दुपारीच घरी सोडलं, आम्हाला मात्र मीटिंगसाठी थांबवलं. वादळात मुलांची काळजी घ्यावी, शिक्षकांची नाही, असा काहीसा नियम असावा.

मीटिंग संपवून शाळेच्या सायकल-शेडकडे गेलो तर सगळ्या सायकली नुकत्याच पडल्या होत्या आणि आमचे शिपाई दाउवे एकेक उचलून उभी करत होते. सीटवरची प्लास्टिकची कव्हरं उडून कुंपणाला लटकलेली. शेडला फाटक आहे, त्यामुळे कुलपाची किल्ली कुणी काढत नाही, आणि अंधारात आपली सायकल ओळखायची ती या कव्हरावरून. माझं लाल, यित्स्केचं निळं.

दाउवेंनी कव्हरं छातीशी धरून आणली आणि भराभर चढवली. "बघा बाई, एकही हरवलं नाही. लाल, निळं, ठिपक्यांचं, सगळी आपापल्या जागी."

मी त्यांचे मनापासून आभार मानले. अशी माणसं आहेत म्हणून शाळा चालते.

घरापर्यंत सायकल जवळजवळ हातानेच ढकलत आणली. वाऱ्यात बसणं शक्यच नव्हतं. यित्स्के पुढे काहीतरी ओरडत होती. मी "हो" म्हटलं. काय ते कळलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

काय लिहू! मी पुढे होते!

परतताना वारा चांगला जोरात होता. शाळेच्या फाटकापासून नेहमीप्रमाणे यित्स्केच्या मागे लागले आणि कालव्याच्या पुलावर माझं चाक तिच्या चाकाला घासायला लागलं. मला वाटलं ती थांबतेय. ती थांबत नव्हती. ती तिच्या परीने जातच होती. मी बाजूने निघाले आणि पुढे गेले. सगळा वारा माझ्या तोंडावर, आणि तरी पाय फिरतायत!

बस-थांब्याच्या शेडमध्ये पोचल्यावर मी म्हटलं, "यित्स्के, मी पुढे होते!"

ती धापा टाकत होती. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो गं. पाहिलं मी."

आणि तिने मला साखरपावाचा मोठा तुकडा दिला. नेहमी लहान देते.

घरी आल्यावर शास्त्रशुद्ध विचार केला. वाऱ्याचा जोर : गेल्या आठवड्याइतकाच. माझं वजन : सणानंतर वाढलेलं. बसण्याची पद्धत : तीच, फक्त सीट किंचित उंच वाटते, म्हणजे मी ताठ बसायला लागले असणार. सायकल : तीच. उरले फक्त पाय आणि मन. नवीन वर्षापासून सकाळी राय धान्याचा काळा पाव खातेय, त्याचाही भाग असेल.

दिवाही आपोआप दुरुस्त झालाय. आत ओल गेली होती, ती सुकली असणार. घंटीचा आवाजही थंडीने गोड झालाय.

२० जानेवारी, मंगळवार

यित्स्के आज कोपऱ्यावर उशिरा आली. मी तिला ओळखते तेव्हापासून हे पहिल्यांदा. अंधारात तिचा दिवा लुकलुकताना दिसला आणि ती यायच्या आधी तिच्या चेनचं रडणं ऐकू आलं.

"अगं, तू तेल घातलं नाहीस?"

"या शनिवारी नाही घातलं."

"आणि गेल्या?"

"गेल्याही नाही."

"बरं नाहीये का तुला?"

"छान आहे मी. गुडघे तेवढे हनुवटीला लागतात." एवढं बोलून ती हसली.

जी बाई तापात सायकल पुसायची तिने दोन शनिवार तेल सोडलं! माणूस आतून खचायला लागतो तो असा, लहानसहान गोष्टींपासून.

परतताना मी मुद्दाम हळू गेले. तरी ती मागेच. मला तिची काळजी वाटली का? वाटली. फक्त काळजीच वाटली का? नाही. पुलावर मेंढ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला ते आवडलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

स्टाफरूममध्ये माझं नाव झालंय. इतिहासवाले सर विचारत होते, या वयात हे कसं जमलं. मी सांगितलं, मनाची तयारी. ते मान डोलवत राहिले. मग मुख्याध्यापकांनी पालकांच्या मासिकपत्रात एक लेख मागितला, "हिवाळ्यातली सायकल" असा काहीतरी. मी आढेवेढे घेतले. फार वेळ घेतले नाहीत.

यित्स्के कोपऱ्यात बसून वाटाण्याचं सूप पीत होती. म्हणाली, "लिही, लिही. मी शुद्धलेखन बघून देईन."

किती मोठं मन! स्वतःचे पाय साथ सोडतायत आणि मैत्रिणीच्या लेखाचं शुद्धलेखन बघते.

२९ जानेवारी, गुरुवार

लेख तिने तपासून दिला. माझ्या मते चांगला उतरलाय. "सायकल कोणती आहे याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो पॅडल मारणाऱ्याच्या निश्चयाने" हे वाक्य मला विशेष जमलं आहे. यित्स्केने नेमकी त्याच्याखाली पेन्सिलने बारीक रेघ मारली होती आणि कडेला लिहिलं होतं, "खात्री?"

मी तिला विचारलं, "व्याकरणाची चूक आहे का?"

"नाही, व्याकरण बरोबर आहे."

"मग?"

"मग काही नाही. तुझी खात्री आहे ना?"

"पूर्ण."

"झालं तर मग," ती म्हणाली आणि तिला इतका खोकला आला की उठून बाहेर जावं लागलं. डॉक्टरकडे जा म्हणून सांगायला हवं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गारांचं वादळ. बांधावर गारा आडव्या येत होत्या. मी पुढे, मान खाली. आणि मागून गाण्याचा आवाज! यित्स्के माझ्या आडोशाला बसून चर्चमधली भजनं गुणगुणत होती.

"काय गं, बरी आहेस ना?" मी वळून ओरडले.

"मस्त! तू थकलीस का?"

"नाही!"

"मग बोलू नकोस, चल!"

घरी आल्यावर यावर बराच विचार केला. शेवटी जायचं ठरवलेली माणसं अशीच शांत होतात. निर्णय झाला की ओझं उतरतं आणि माणूस गाऊ लागतो. तिने बहुतेक ठरवलंय. सुट्टीला दहा दिवस राहिले.

शाळेतून ती गेली तर जर्मन दुसरं कुणी शिकवेल. पण बस-थांब्यावर दुसऱ्या कुणाबरोबर कॉफी प्यायची मला इच्छा नाही. मी हिल्केला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग तिला थांबव."

"कशी? तिच्या पायांना मी काय सांगू?"

"तू लेख लिहिलायस ना, तो वाचून दाखव," हिल्के म्हणाला. कधीकधी त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

८ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

काल मागचं चाक पंक्चर झालं. आज हिल्केने सायकल उलटी करून गोठ्यात उभी केली. मी चहा घेऊन गेले तर तो खाली बसून पॅडलच्या वरच्या बाजूला, फ्रेमच्या पोटावर टॉर्च मारत होता.

"रेन्स्के, आपला पत्ता बदललाय का?"

"काय झालं?"

"इथे पिनकोड कोरलाय. घर क्रमांक सतरा. आपण चाळीसमध्ये राहतो असा माझा आजवर समज होता."

सायकल चोरीला गेली तर सापडावी म्हणून दुकानदाराने तेव्हा दोन्ही सायकलींवर पत्ते कोरून दिले होते. सतरा यित्स्केचा.

मी चहा खाली ठेवला. माझ्या डोक्यात सगळं एकाच वेळी आलं : कुंपणाला लटकलेली कव्हरं, दाउवेंची छाती, दिवा, घंटी, सीट. महिन्याभरात मी वारा मोजला, वजन मोजलं, पाव मोजला. एकच गोष्ट स्थिर धरली होती.

"मला संशय होताच," हिल्के म्हणाला. "महिनाभर सकाळी चेन ऐकू आली नाही. मला वाटलं कान गेले."

"मग बोलला का नाहीस?"

"झोप छान लागत होती." मग त्याने वर बघितलं. "म्हणजे पैलवान, गेला महिनाभर तू चोरीचा माल चालवतेस, आणि ती बिचारी म्हातारी तुझ्या भंगारावर."

ही बिचारी म्हातारी माझ्या भंगारामुळे स्वतःला म्हातारी समजायला लागली, आणि त्यामुळे शाळा सोडणार आहे. हे तो बोलला नाही. हे मीच बोलले, नंतर, न्हाणीघरात, आरशाकडे न बघता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगायचं ठरवून निघाले होते. सांगितलं नाही.

कारणं लिहून काढते. सकाळी ती कोपऱ्यावर आली आणि म्हणाली, "रेन्स्के, शुक्रवारी मुख्याध्यापकांकडे जातेय." त्यावर "यित्स्के, ही तुझी सायकल" असं लगेच कसं म्हणणार? शाळेत मासिकपत्र वाटलं जात होतं. तीन पालकांनी निश्चयाबद्दल माझं अभिनंदन केलं. दुपारी वारा आठ नंबरचा होता.

आणि आता खरं कारण. दुपारी शेडमध्ये दोन्ही सायकली शेजारी उभ्या होत्या. मला माहीत होतं कोणती कुणाची. मी लाल कव्हर काढलं आणि चांगल्या सायकलवर बसले. शेवटचं एकदा. कालपर्यंत ती चूक होती. आजच्या बारा किलोमीटरचं काय नाव आहे ते मला माहीत आहे.

ती मागे गुणगुणत होती. मला एकही कडवं सहन झालं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तोंडाने सांगायचं धैर्य नाही हे कबूल केल्यावर दुसरा मार्ग सुचला. मधल्या सुट्टीत शेडमध्ये गेले आणि दोन्ही कव्हरांची अदलाबदल केली. लाल माझ्या भंगारावर, निळं तिच्या सायकलवर. बस. ती दुपारी बसेल, पाय हलके होतील, तिला वाटेल आजार गेला, आणि शुक्रवारी ती मुख्याध्यापकांकडे जाणार नाही. कुणाला काही सांगायला नको. सगळं पूर्ववत.

"काय बाई, कव्हरं धुवायला नेताय?" दाउवे फाटकातून म्हणाले.

"नाही, नाही. वारा... वाऱ्याने सरकली होती."

"आज वारा कुठाय?"

खरंच, सकाळी वारा पडला होता. मी आत पळाले.

दुपारी मात्र तो परत आला, पावसासकट. आम्ही शेडमध्ये गेलो. यित्स्के निळ्या कव्हराजवळ गेली आणि थांबली. एकदा निळ्याकडे पाहिलं, एकदा लालकडे, मग माझ्याकडे. मी पाऊसपँटची चेन वर-खाली करत होते. ती सीटवर बसली.

पुलापर्यंत ती पन्नास मीटर पुढे गेली होती. माझी चेन रडत होती, दिवा मरत होता, गुडघे आपापल्या वाटेने चालले होते. मला आनंद झाला. घामाघूम, धापा टाकत, पण खरा आनंद. चाल म्हातारे, मी मनात म्हटलं, जा पुढे, बघ तुझे पाय.

मग तिने घंटी वाजवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गोड आवाज. रस्त्यावर मेंढीसुद्धा नव्हती. बस-थांब्यापाशी ती उतरली आणि माझी वाट बघत उभी राहिली. मी पोचले तेव्हा कॉफी ओतलेली होती.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

खोटं बोलण्याइतका श्वास उरला नव्हता. "रविवारी. यित्स्के, मला माफ कर. पंक्चर झालं आणि हिल्केने खाली पाहिलं. मी कालच सांगणार होते. काल तर मी मुद्दाम..."

"काल तुझी मान दिसत होती मला. कानापर्यंत लाल झाली होती. मला वाटलंच."

"वाटलंच म्हणजे? तुला कधी कळलं?"

"शनिवारी."

"या गेल्या शनिवारी?"

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी, बाई. मी तेल घालायला बसले ना!"

मी महिनाभर तिच्या न घातलेल्या तेलाचं दुःख केलं होतं.

"मग तू घातलं का नाहीस? निदान तेल तरी!"

"दुसऱ्याच्या सायकलला मी हात लावत नाही."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"सोमवारी सांगणारच होते. तर तू पुलावरून पुढे गेलीस, आणि इथे थांब्यावर आलीस तेव्हा तुझं तोंड असं काही फुललं होतं, की म्हटलं, राहू दे आठवडाभर." तिने साखरपाव काढला. "मग मागे बसायची सवय लागली. माझ्यापुढे आजवर कुणी गेलं नव्हतं गं. वारा नसेल तर त्या वाटेवर पक्षी ऐकू येतात हे तरी तुला माहीत होतं का?"

माहीत होतं. मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. पण मी तसं म्हटलं नाही.

"आणि लेख? तू माझा लेख तपासलास!"

"'खात्री?' असं विचारलं होतं मी."

मग दोघींना इतकं हसू आलं की समोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला.

हसू ओसरल्यावर मी विचारलं. विचारायचं धाडस होत नव्हतं, पण महिनाभर दुसरं काय डोक्यात होतं? "यित्स्के, शुक्रवारी मुख्याध्यापकांकडे जाऊन काय सांगणार आहेस?"

"तेच तर. पायांना विचारायचं होतं ना मला. माझ्या सायकलवर ते कधी खरं सांगत नाहीत, ती फार चांगली आहे. म्हटलं, रेन्स्केच्या भंगारावर हिवाळा काढला तर राहायचं, नाही तर खडू खाली ठेवायचा." तिने पावाचा मोठा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला. "शुक्रवारी जाऊन सांगणार आहे की अजून काही वर्षं माझं तोंड बघावं लागेल."

ती उठली, थर्मास बंद केला, निळं कव्हर झटकलं.

"चल. हो पुढे."

"मी? हिच्यावर?"

"मग काय? सायकल कोणती आहे याने फरक पडत नाही म्हणे. मासिकपत्रात आलंय."

मी पुढे झाले. बांधावर वाऱ्याने मला जवळजवळ थांबवलं. चेन कण्हत होती, चाकाला ब्रेक घासत होता, एकेक झाड कितीतरी वेळ शेजारीच उभं राहत होतं. चालत गेले असते तर फारसा उशीर झाला नसता. पण मी उतरले नाही. मागून एकदाही घंटी वाजली नाही, आणि माझ्या कोपऱ्यापर्यंत ती मला ओलांडून गेली नाही. गात मात्र होती, सगळी कडवी.

हिल्के दारात उभा होता. म्हणाला, "गल्लीच्या टोकापासून ऐकू आलीस. घरी परत आलीस म्हणायची."

उद्या : चेनला तेल घालणे.